छळ होत असलेल्या कृष्णवर्णीय वनौषधी मळ्याला साथ कशी द्यायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरची वाळवलेली तुळस, लिंबाच्या वासाचा लेमन बाम आणि लाल अंबाडीची बोंडं गेली काही वर्षं एकाच मळ्यातून येतात. मळा अमेरिकेत आहे, चालवणारं कुटुंब कृष्णवर्णीय आहे, आणि त्यांनी तिथून उठून जावं म्हणून त्यांना छळलं जातंय. हे मी ओळखीच्यांना सांगायला लागले तेव्हापासून प्रश्न येतच आहेत, अमेरिकेतल्या मराठी घरांतून आणि पुण्या-नागपुरातूनही. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मळ्याचं नाव-गाव दिलेलं नाही, त्याचं कारण प्रश्न ७ मध्ये आहे. पण उत्तरं अशा कुठल्याही मळ्याला लागू पडतील.

१. वनौषधी मळा म्हणजे काय? भाजीपाल्याच्या शेतीहून वेगळं काय असतं?

जमीन बहुतेकदा थोडी, दोन-चार एकर. त्यात तुळस, कॅलेंड्युला, इकिनेशिया, लेमन बाम, अंगाला लागली की आग करणारी नेटल, एल्डरबेरीची झुडपं. थोडा माल ताजा विकला जातो, पण बराचसा वाळवून चहा, काढा, तेल किंवा अर्काच्या रूपात जातो. वाळवणं हेच खरं कौशल्याचं काम. पाला सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जाळीवर पसरावा लागतो. ओल राहिली तर बुरशी, जास्त तापला तर वास गेला. चार-पाच किलो ओल्या पाल्यातून जेमतेम किलोभर वाळलेला माल निघतो.

दुसरा फरक वेळेचा. कोथिंबीर गेली तर महिन्या-दीड महिन्यात पुन्हा येते. इकिनेशियाची मुळं काढण्याजोगी व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. एका रात्री कुणी वाफे तुडवले किंवा पाण्याची नळी कापली, तर नुकसान एका हंगामाचं राहत नाही.

२. त्रास देतात म्हणजे नेमकं काय करतात?

रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकमधून वंशावरून शिव्या. फाटकावर दोरीचा फास टांगणं. कृष्णवर्णीयांना झाडाला लटकवून मारण्याचा इतिहास असलेल्या देशात त्या फासाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कुंपण तोडणं, फाटक उघडं टाकून जनावरं आत सोडणं, पाटीवर गोळी झाडणं, घरावर ड्रोन फिरवणं. मग कागदावरचा त्रास: काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कार्यालयात खोट्या तक्रारी (प्रश्न १४) आणि कधीच माल न घेतलेल्यांनी ऑनलाइन दिलेला एकेक तारा.

यातलं प्रत्येक कृत्य सुटं घेतलं तर किरकोळ वाटतं, आणि ऐकणाराही तसंच म्हणतो. सगळं एका वहीत तारखेवार मांडलं की मग ते दिसतं.

३. शेजाऱ्यांची भांडणं आपल्याकडेही बांधावरून होतात. यात वंशद्वेष कशावरून?

प्रश्न रास्त आहे आणि सगळ्यांत जास्त वेळा हाच आलाय. बांधाच्या भांडणात मागणी ठरलेली असते: हातभर जमीन सोड, पाट वळव, झाडाची फांदी छाट. ती मिटवता येते, मोजणी आणता येते. इथे मागणी एकच असते, तुम्ही इथे नको. मोजणी करून ती मिटत नाही.

दुसरं म्हणजे याला मागचा इतिहास आहे. १८९० च्या दशकात आणि त्यानंतर मिसिसिपीत 'व्हाइटकॅप' म्हणवणाऱ्या टोळ्या रात्री जमीनधारक कृष्णवर्णीयांच्या घरांवर जाऊन त्यांना पळवून लावत. दक्षिण कॅरोलायनातल्या ॲबव्हिल इथल्या अँथनी क्रॉफर्ड यांची ४२७ एकर कापसाची जमीन होती. १९१६ साली सरकीच्या भावावरून एका गोऱ्या व्यापाऱ्याशी त्यांचा वाद झाला आणि जमावानं त्यांना मारून टांगलं. मग त्यांच्या कुटुंबालाही गाव सोडायला फर्मावलं गेलं. सुरुवात भावावरच्या वादानं झाली आणि शेवट जमीन सुटण्यात झाला. आज मळ्याच्या फाटकावर फास दिसतो तेव्हा त्या कुटुंबाच्या डोळ्यांपुढे हे सगळं उभं राहतं.

शेजाऱ्याशी खराखुरा हद्दीचा वादही असू शकतो. कधी दोन्ही एकत्र असतात. वाद खरा आहे म्हणून त्यातली वंशाची शिवी खोटी ठरत नाही.

४. कृष्णवर्णीय शेतकरी इतके कमी का? त्यांची जमीन गेली कुठे?

१८६५ च्या जानेवारीत, यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन यांनी आदेश काढला की दक्षिणेच्या किनारपट्टीतली जमीन गुलामीतून सुटलेल्या कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांपर्यंत वाटावी. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ती बहुतांश जमीन जुन्या गोऱ्या मालकांना परत केली. तरीही पुढच्या पन्नास वर्षांत या लोकांनी पै-पै जोडून जमीन घेतली. १९१० च्या सुमारास त्यांच्याकडे दीड कोटी एकरांवर जमीन होती. १९२० च्या गणनेत अमेरिकेतल्या शेतकऱ्यांपैकी सुमारे १४ टक्के कृष्णवर्णीय होते. आज ते दीड टक्क्याच्याही आत आहेत.

मधल्या शंभर वर्षांत काय झालं, याचं एक कारण मराठी माणसाला लगेच कळेल: वारसनोंद. वकील आणि न्यायालयावर विश्वास ठेवायला जागा नव्हती, म्हणून पुष्कळांनी मृत्युपत्रं केली नाहीत. आजोबांची जमीन नातवंडा-पतवंडांत अविभाजित राहिली. मग बाहेरचा कुणी एखाद्या दूरच्या वारसाचा हिस्सा चिल्लर भावात विकत घ्यायचा आणि न्यायालयातून अख्ख्या जमिनीचा लिलाव करून घ्यायचा. सातबाऱ्यावर वीस नावं असलेल्या जमिनीचं काय होतं हे आपण पाहिलेलं आहे. तिथे तर एक नाव विकत घेतलं की सगळं शेत जात असे. २०१० मध्ये यावर एक नमुना कायदा तयार झाला आणि त्यानंतर अनेक राज्यांनी तो स्वीकारला. त्यानुसार लिलावाआधी इतर वारसांना तो हिस्सा विकत घ्यायची संधी मिळते.

दुसरं कारण कर्ज. पेरणीचं कर्ज पेरणीनंतर मंजूर झालं तर त्याचा उपयोग काय? कृषी खात्याची स्थानिक कार्यालयं कृष्णवर्णीयांचे अर्ज लांबवत किंवा नाकारत. त्यावर १९९७ साली दाखल झालेला पिगफर्ड खटला १९९९ मध्ये तडजोडीत संपला, बहुतेक दावेदारांना ५० हजार डॉलर मिळाले. ज्यांचे दावे मुदतीत पोचले नव्हते त्यांच्यासाठी २०१० मध्ये आणखी १२५ कोटी डॉलर मंजूर झाले. एवढ्या रकमेत गेलेलं शेत परत घेता येत नाही.

५. मग आता सरकार मदत करत नाही का?

२०२१ मध्ये कर्जमाफीसाठी सुमारे ४०० कोटी डॉलरची तरतूद झाली होती, पण गोऱ्या शेतकऱ्यांच्या दाव्यांवरून न्यायालयांनी ती अडवली आणि २०२२ मध्ये संसदेनं ती मागे घेतली. तिच्या जागी, कृषी खात्याच्या कर्जात भेदभाव सोसलेल्या कुठल्याही वंशाच्या शेतकऱ्यासाठी २२० कोटींची योजना आली. २०२४ च्या जुलैअखेर तिचे सुमारे २०० कोटी डॉलर ४३ हजार लोकांना वाटले गेले. जुलै २०२५ मध्ये खात्यानं आपल्या योजनांत वंश आणि लिंग यांवर आधारित 'वंचित' हा निकष वापरणंच थांबवलं. खात्याच्या कार्यालयात भेदभाव झाला, तर १८० दिवसांच्या आत खात्याच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रार करता येते, ती वाट अजून आहे. पण शेजारच्या माणसानं कुंपण तोडलं तर कृषी खातं काही करत नाही.

६. तुळस, अश्वगंधा तर आपली. ती त्यांनी विकायची, आणि वर आपण त्यांना साथ द्यायची?

हा प्रश्न रागानं विचारला जातो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आपली भाकरी कुठून आली? ज्वारी, बाजरी, नाचणी, तिन्ही धान्यं मूळची आफ्रिकेची. चवळी तिकडची. अंबाडीही तिकडचीच, भाकरीबरोबर लसणीची फोडणी देऊन आपण खातो ती. हजारो वर्षांपूर्वी ती समुद्रावरून आपल्याकडे आली आणि आपली झाली. लाल अंबाडीच्या बोंडांचं लालभडक पेय सेनेगलमध्ये बिसाप नावानं, कॅरिबियन बेटांवर सॉरेल नावानं पितात. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर ते झाड अटलांटिकपार गेलं. झाडपाल्याचं ज्ञानही बरोबर गेलं. १७२१ साली बॉस्टनमध्ये देवीची साथ आली तेव्हा टोचून देवी काढण्याची पद्धत तिथल्या गोऱ्या धर्मगुरूला ओनेसिमस नावाच्या आफ्रिकन गुलामाकडून कळली होती.

आपलं ज्ञान कुणी लुबाडतं हे खरं आहे. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत दिलं गेलं होतं, ते डॉ. माशेलकरांच्या कार्यकाळात सीएसआयआरनं १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. तो राग त्या पेटंटवर योग्य होता. दोन एकरांत तुळस लावून, 'ही भारतातली' असं पाकिटावर लिहून विकणाऱ्या कुटुंबावर तो काढायचं कारण नाही.

आणखी एक नातं आहे. १९६९ साली जॉर्जियात नागरी हक्क चळवळीतल्या लोकांनी 'न्यू कम्युनिटीज' नावानं ५,७०० एकर जमीन सामुदायिक मालकीत घेतली. अमेरिकेतला पहिला सामुदायिक भूविश्वस्त न्यास तो हाच. ही कल्पना मांडणाऱ्यांपुढे विनोबांचं ग्रामदान होतं, रायगडातल्या गागोद्यात जन्मलेल्या आपल्या विनोबांचं. राज्याच्या गव्हर्नरनं त्यांचा सरकारी निधी अडवला. दुष्काळात आणीबाणीचं कर्ज लांबवलं गेलं. १९८५ मध्ये जमीन गेली. पिगफर्ड खटल्यातून २००९ मध्ये त्यांना सुमारे १ कोटी २० लाख डॉलर मिळाले आणि २०११ मध्ये त्यांनी एका जुन्या गुलाममालकाचा १,६०० एकरांहून मोठा मळा विकत घेतला. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली होती. नातं जुनं आहे.

७. मळ्याचं नाव आणि पत्ता का सांगत नाही? मग आम्ही मदत करायची कुणाला?

त्यांनीच तशी विनंती केली आहे. जिथे लोक पाटीवर गोळ्या झाडतात, तिथे पत्ता शेकडो फोनांत फिरवणं म्हणजे आणखी चार जणांना वाट दाखवणं. हितचिंतक न सांगता येऊन उभा राहिला तरी घरातल्यांच्या छातीत धस्स होतं. अनोळखी गाडी आत वळली की ती कुणाची हे त्यांना आधी कळत नाही.

तुमच्या जवळपास असा मळा शोधायचा असेल तर आठवडी शेतकरी बाजारात विचारा. दक्षिणेत फेडरेशन ऑफ सदर्न कोऑपरेटिव्ह्ज ही १९६७ पासूनची संस्था कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था बांधते. न्यूयॉर्क राज्यात सोल फायर फार्म शेतकऱ्यांना शिकवतं. या संस्थांकडून मिळालेल्या नावांना स्वतः आपली माहिती उघड करायची आहे, हा फरक महत्त्वाचा.

८. सगळ्यांत उपयोगी मदत कोणती?

थंडीत पैसे भरून हंगामाचा हिस्सा घेणं. जानेवारी ते मार्च मळ्यात विक्री जवळजवळ नसते, आणि बी, माती, नळ्या, जाळ्या यांचा खर्च नेमका तेव्हाच येतो. तुम्ही आगाऊ भरता आणि हंगामभर माल येत राहतो. अमेरिकेत या पद्धतीला आज सगळीकडे मान आहे, पण तिच्या मुळाशी ज्यांचं काम आहे त्यांत अलाबामातल्या टस्कीगीचे कृष्णवर्णीय कृषितज्ज्ञ बुकर टी. व्हॉटली आहेत. लहान शेतकऱ्यानं ग्राहकांचं सभासद-मंडळ बांधावं, त्यांच्याकडून वर्गणी आधी घ्यावी, असं ते सांगत.

त्यानंतर नियमित खरेदी. एकदा शंभर डॉलरचा माल घेऊन विसरण्यापेक्षा दर महिन्याला पंधराचा घ्या. बातमी आली की आठवडाभर मागणीचा पूर येतो, माल संपतो, पाकिटं भरताना रात्री सरतात, आणि पुढच्या महिन्यात कुणीच नसतं. मी स्वतः पहिल्या वर्षी असंच केलं होतं. दहा जणींना एकाच आठवड्यात मागणी नोंदवायला लावली. त्या घरच्या आजी फोनवर शांतपणे म्हणाल्या, पुढच्या वेळी महिने वाटून घ्या. तेव्हापासून आम्ही वाटून घेतो.

तुमचं हॉटेल, योगवर्ग किंवा किराणा दुकान असेल तर घाऊक मागणीचा लेखी करार करा. बँकेत कर्ज मागताना तो कागद चालतो.

९. थेट पैसे दिले तर करात सूट मिळते का?

बहुधा नाही. मळा हा व्यवसाय असेल, किंवा वर्गणी कुटुंबाच्या नावे गोळा होत असेल, तर अमेरिकी कायद्यात ती भेट असते, दान नव्हे. सूट हवी असेल तर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत द्यावं लागतं. पण कॅमेरे किंवा वकिलाची फी लगेच लागत असेल, तर सूट सोडून थेट द्या. वर्गणीचं पान खरंच त्यांनी उघडलं आहे का, हे मळ्याच्या स्वतःच्या पानावरून ताडून घ्या. अशा बातमीमागे खोटी पानं उगवतात.

१०. भारतातून काय करता येईल?

माल मागवू नका. वाळलेला पाला आणि विशेषतः बी भारतात आणायला वनस्पती-संगरोधाचे नियम आहेत, पार्सल अडकतं आणि भुर्दंड मळ्याला पडतो. अमेरिकेतल्या भाचीच्या किंवा मुलाच्या पत्त्यावर त्यांच्या नावे हंगामाचा हिस्सा घ्या, हे सोपं आहे. तुळशीचं किंवा अंबाडीचं बी भारतातून सूटकेसमधून नेऊन भेट देऊ नका. भावना कळते, पण परवान्याविना बी नेणं अमेरिकेतही चालत नाही.

११. आम्ही शनिवार-रविवार जाऊन मळ्यात काम करू का?

आधी विचारा (प्रश्न ७). आणि व्हिसा पाहा. एच-१बी, एच-४ किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर नफ्यासाठी चालणाऱ्या मळ्यात फुकट काम करणंही विनापरवाना नोकरी ठरू शकतं, कारण त्या कामाला एरवी मजुरी दिली जाते. तुमच्या व्हिसावर संकट येईल आणि श्रमकायद्याचा त्रास मळ्याला होईल, ते वेगळंच. आधीच त्रास देणाऱ्यांच्या हातात हे कोलीत देऊ नका. मळ्यानं सगळ्यांसाठी खुला दिवस ठेवला असेल, तर पाहुणे म्हणून जा आणि माल घ्या. धर्मादाय संस्थेचा स्वयंसेवक म्हणून जाणं बहुधा चालतं, तरी वकिलाला विचारलेलं बरं.

१२. आम्ही तिथे असताना काही घडलं तर?

आधी माणसं सुरक्षित जागी. मग ९११, म्हणजे तिथला आणीबाणीचा फोन. धमकी देणाऱ्याच्या अंगावर जाऊ नका, तुम्ही निघून जाल आणि ते कुटुंब तिथेच राहणार आहे. पोलिसांना बोलवायचं की नाही हेही, जीव धोक्यात नसेल तर, त्यांना विचारा. पोलीस आल्यावर तक्रारदारालाच संशयानं पाहिलं गेल्याचा अनुभव अनेक कृष्णवर्णीय घरांत आहे.

नंतर ताबडतोब लिहून काढा: तारीख, वेळ, कुठे उभे होता, नेमके शब्द कोणते (शिवी असली तरी जशीच्या तशी), गाडीचा रंग, नंबर. फोटोची मूळ फाइल ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीतून वेळ-ठिकाणाची माहिती निघून जाते. पोलिसांकडून अहवालाचा क्रमांक मागून घ्या. बाहेरच्या साक्षीदाराचं सहीनिशी टिपण ही फार मोठी मदत आहे, कारण एरवी कुटुंबाच्या शब्दाविरुद्ध शेजाऱ्याचा शब्द एवढंच उरतं.

१३. उघड शिव्या देतात, तरी अटक का होत नाही? आणि कोणता कायदा लागू पडतो?

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीमुळे नुसती द्वेषाची भाषा सहसा गुन्हा नसते. ॲट्रॉसिटी कायदा माहीत असलेल्या आपल्याला हे पचायला जड जातं. पण खरीखुरी धमकी संरक्षित नाही. घाबरवण्याच्या हेतूनं क्रूस जाळण्यावर (कृष्णवर्णीयांना दहशत घालायची ही गोऱ्या टोळ्यांची जुनी रीत) राज्य बंदी घालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये म्हटलं. २०२३ च्या निकालानं मात्र एक अट घातली: आपलं बोलणं धमकी म्हणून घेतलं जाऊ शकतं याची जाणीव असूनही बोलणाऱ्यानं बेफिकिरी केली, एवढं तरी दाखवावं लागतं. म्हणून 'हे आम्हाला धमकीसारखं वाटतं, इथे येऊ नका' असं त्रास देणाऱ्याला आधी लेखी कळवलेलं असेल तर पुढे कामी येतं.

वंशद्वेषातून शारीरिक इजा केली किंवा शस्त्रानं तसा प्रयत्न केला, तर २००९ चा केंद्रीय कायदा आहे आणि तपास एफबीआय करू शकते. १८६६ च्या कायद्यानं गोऱ्या नागरिकाइतकाच जमीन बाळगण्याचा हक्क दिलेला आहे. घर मळ्यातच असेल तर १९६८ चा फेअर हाउसिंग कायदाही लागतो, कारण घरात राहण्याच्या हक्कात दहशतीनं अडथळा आणणं त्यात मना आहे. त्याखाली केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे एका वर्षात, न्यायालयात दोन वर्षांत जावं लागतं. बरीच कुटुंबं 'आता थांबेल' म्हणत ही मुदत घालवतात.

वकील परवडत नसेल तर उत्तर कॅरोलायनातला लँड लॉस प्रिव्हेन्शन प्रोजेक्ट, मिनेसोटातला फार्मर्स लीगल ॲक्शन ग्रुप आणि १९६३ पासूनची लॉयर्स कमिटी फॉर सिव्हिल राइट्स यांच्याकडे विचारावं.

१४. काउंटीत खोट्या तक्रारी करतात त्याचं काय?

वास येतो, विहीर बेकायदा आहे, शेड विनापरवाना आहे, गाड्या फार येतात. दर तक्रारीला निरीक्षक येतो आणि शेतकऱ्याचा अर्धा दिवस जातो. सगळ्या पन्नास राज्यांत शेती करण्याच्या हक्काचे कायदे आहेत. वास-आवाजाच्या दाव्यांपासून ते बरंच संरक्षण देतात, पण वाळवणशाळेच्या बांधकाम-परवान्यापासून देत नाहीत. म्हणून कागद चोख ठेवणं हा इथे बचावच आहे, आणि परवान्याची फी किंवा अभियंत्याची भेट यासाठी दिलेले पैसे वाया जात नाहीत. सगळ्या तक्रारींच्या प्रती माहितीच्या कायद्याखाली मागवता येतात. आपल्या माहिती अधिकारासारखीच सोय प्रत्येक राज्यात आहे.

काउंटीच्या बैठकीत नागरिकांना बोलायला वेळ असतो आणि नागरिकत्व नसलेलेही सहसा बोलू शकतात. त्या काउंटीतले रहिवासी असाल तर जा. शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, बहुतेक ठिकाणी निवडून येतो, त्यामुळे मतदारांच्या पत्राला वजन असतं. एक खबरदारी: ग्रीनकार्ड नसलेल्या परदेशी नागरिकानं कुठल्याही निवडणुकीत उमेदवाराला, अगदी शेरीफच्या चांगल्या उमेदवारालाही, पैसे देणं केंद्रीय कायद्यानं मना आहे.

१५. कॅमेरे भेट दिले तर?

छान. पण आवाज रेकॉर्ड होतो का ते पाहा. स्वतःच्या जागेतून रस्त्याचं, फाटकाचं चित्रण सहसा चालतं. संभाषण टिपायला काही राज्यांत एकाची संमती पुरते, तर कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांसारख्या राज्यांत खासगी संभाषणाला सर्वांची लागते. चुकीच्या राज्यात टिपलेला आवाज पुरावा होण्याऐवजी गुन्हा होऊ शकतो.

१६. शेजारच्या शेतातून फवारा आला तर? मुद्दाम मारलाय हे कसं कळणार?

ते लगेच कळत नाही, आणि कळायची वाटही पाहू नये. वनौषधी थेट पाण्यात उकळून प्यायच्या असतात, त्यामुळे तणनाशक पडलेला पाला विकायचाच नाही. पानं मुरगळलेली, पिवळी पडलेली दिसली की त्या दिवशीच फोटो काढायचे, पानांचे नमुने कागदी पिशवीत घालून थंड ठेवायचे आणि राज्याच्या कृषी विभागाच्या कीटकनाशक शाखेला कळवायचं. उशीर झाला की अंश सापडत नाही. मुद्दाम की वाऱ्यानं, हे त्यांच्या तपासात ठरेल. सेंद्रिय प्रमाणपत्र असेल तर प्रमाणन संस्थेलाही लगेच सांगावं लागतं. बंदी असलेलं रसायन जमिनीवर पडलं तर ३६ महिने थांबायचा नियम आहे, आणि तो लागू होईल का हे तीच ठरवते. म्हणूनच असा एक फवारा कुंपण तोडण्यापेक्षा महागात पडतो.

अशा वर्षी हिस्सा भरलेल्या ग्राहकानं परतावा न मागणं, ही मोठी साथ आहे.

१७. 'या काढ्यानं माझी शुगर उतरली' असं चांगलं परीक्षण लिहू का?

कृपा करून नको. अमेरिकेत वनौषधी पूरक आहार म्हणून विकता येतात, रोग बरा होतो असं म्हणून नाही. ग्राहकाचं असं वाक्य मळ्यानं आपल्या पानावर घेतलं तर अन्न व औषध प्रशासन तो विक्रेत्याचाच दावा धरू शकतं. त्रास देणारा अशाच वाक्याची वाट पाहत असतो. वास, ताजेपणा, पॅकिंग, वेळेवर पोचणं, हे लिहा. आणि गोळ्या चालू असतील, रक्त पातळ करणारी किंवा गर्भनिरोधक तर विशेष, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवी वनस्पती सुरू करू नका. सेंट जॉन्स वर्ट या औषधांचा परिणाम कमी करते.

१८. त्रास देणाऱ्याचं नाव, फोटो आम्ही सगळीकडे पसरवू का?

नाही. माणूस चुकीचा निघाला तर निरपराध घर भरडलं जाईल आणि अब्रूनुकसानीचा दावा तुमच्यावर येईल. माणूस बरोबर असला तरी सूड मळ्यावर निघेल. नाव उघड करायचं की नाही हे कुटुंब आणि त्यांचा वकील ठरवतील.

१९. घरी बोलताना कोणता शब्द वापरावा?

'कृष्णवर्णीय' किंवा 'आफ्रिकन अमेरिकन'. आपल्या घरांत 'काळे' म्हणताना आवाज खाली येतो आणि 'त्या भागात जाऊ नको' असं पुढे जोडलं जातं, ते मुलं ऐकतात. मी माझ्या घरातही ऐकलंय आणि बरीच वर्षं गप्प बसले, याचं वाईट वाटतं. मळ्याची अंबाडी विकत घ्यायची आणि घरात ते बोलणं चालू ठेवायचं, हे जमणार नाही.

२०. आणि त्यांनी मळा विकून जायचं ठरवलं तर? मग आपण केलेलं वाया गेलं का?

काही कुटुंबं जातात. मुलांची झोप उडालेली असते. त्यांना 'हार मानू नका' असं सांगायचा अधिकार तिथे न राहणाऱ्या कुणालाही नाही. अशा वेळी उपयोगी पडतं ते हे: घाईत पडेल भावानं विकावं लागू नये म्हणून काही महिन्यांचा खर्च भागवणं, जमीन दुसऱ्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याकडे किंवा भूविश्वस्त न्यासाकडे (प्रश्न ६) जाऊ शकते का हे त्यांना हवं असेल तरच शोधून देणं, वाळवणाच्या जाळ्या आणि यंत्रं ठेवायला कोरडी जागा देणं. आणि झाडं. बहुवर्षायू मुळं खणून दुसरीकडे लावता येतात, बी जपता येतं. दोन वर्षांपूर्वी एका वाईट आठवड्यानंतर त्या आजींनी आम्हा काही घरांना अंबाडीचं आणि तुळशीचं थोडं थोडं बी दिलं, इथे काही झालं तर तुमच्याकडे असू दे म्हणून. माझ्याकडचं बरणीत आहे. दर उन्हाळ्यात चार रोपं लावते, थंडी पडायच्या आत नवं बी धरते आणि वर्ष लिहून ठेवते. ते कुटुंब अजून त्याच मळ्यात आहे.